दोघींसाठी प्राग मेट्रो

९ जानेवारी
मनगट दुखतंय. यापुढे शैला म्हणजे शै. आणि माधव म्हणजे मा. मैत्रीण आणि नवरा, दोघांनाही एकेक अक्षर पुरे.
आज प्रागच्या मेट्रोचा नकाशा टेबलावर पसरला. मा.ने बरोब्बर त्यावर पोह्यांची बशी ठेवली. तीनच लाइनी आहेत. हिरवी A, पिवळी B, लाल C. तिन्ही गावाच्या मध्यात एकमेकींना छेदतात, तिथे एक त्रिकोण होतो. त्रिकोणाची टोकं पाठ केली की निम्मं काम झालं. मुझेउम, मूस्तेक, फ्लोरेन्त्स. गाडी बदलायची ती फक्त या तीन ठिकाणी.
सप्टेंबरात जायचं. दोघीच. झेंडा धरून पुढे चालणारा टूरवाला नको. ऑफिसात एका टेबलाला टेबल लावून बसायचो तेव्हापासूनचा बेत. तीनदा पुढे ढकलला, तिन्ही वेळा माझ्यापायी. आधी सासूबाईंचं आजारपण, मग मा.ची बायपास, मग माझा खांदा. शै. एकदाही कुरकुरली नाही.

१७ जानेवारी
लिहायला घेतलं. छोटी मार्गदर्शक पुस्तिका, लॅपटॉपवर, मराठीत. शीर्षक ‘दोघींसाठी प्राग मेट्रो’. इंग्रजीत ढीगभर माहिती पडली आहे, पण ती सगळी तिशीतल्या, पाठीवर पिशवी अडकवलेल्या मुलांसाठी. साठीतल्या, गुडघे वाजणाऱ्या, दर दोन तासांनी बाथरूम शोधणाऱ्या बायकांसाठी कुणी लिहीत नाही.
नावं तोंडात बसत नाहीत. मालोस्ट्रान्स्का. स्टारोम्नेस्त्स्का. शै. फोनवर म्हणाली, “अगं, मालू मावशी आणि स्टारू मावशी म्हण ना.” तेच लिहिलं. मूस्तेकहून बसायचं, पहिली स्टारू मावशी, ती जुन्या गावातली. मग नदीखालून पलीकडे मालू मावशी, ती किल्ल्याखाली राहते.
हिरव्या लाइनीवर स्टेशनांच्या भिंतींना पत्र्याचे गोल खळगे आणि फुगवटे आहेत. फोटो बघितला. मोठ्ठं आप्पेपात्र उभं करून ठेवल्यासारखं. हेही लिहिलं. खळगे दिसले की समजायचं, आपण हिरवीवर आहोत.

२ फेब्रुवारी
रंगीत तालीम! शै.ची कल्पना. बेलापूर–पेंधर मेट्रोत जाऊन बसायचं आणि प्राग समजायचं. पळस्प्याकडे न्हावा शेवा बंदराचे ट्रेलर एकमेकांना चिकटून उभे होते, तिथेच अर्धी सकाळ गेली. शै. रिक्षातून म्हणाली, “हे युरोपात नसेल.”
इथे टोकन टेकवलं की दार उघडतं. तिकडे दारच नाही. आत जायच्या वाटेवर एक पिवळं यंत्र असतं, त्यात तिकीट सरकवायचं, वेळेचा शिक्का उठतो. एकदाच. दुसऱ्यांदा शिक्का मारला की तिकीट बाद. कुणी अडवत नाही म्हणून तसंच आत गेलात तर साध्या कपड्यातला तपासनीस खिशातून बिल्ला काढून समोर उभा राहतो. शै.ला हे फार आवडलं. दर स्टेशनला एखाद्या माणसाकडे बोट दाखवून, “तो बघ, बिल्लावाला.”
परतताना मॉल. आणि तिथे माझी फजिती. सरकत्या जिन्याने वर जाताना मला काही होत नाही. खाली उतरताना पहिली पायरी पायाखालून पळते आणि मी दगड होते. मागे रांग लागली, एक पोरगी “आंटी, मूव्ह” म्हणाली. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. मा.लाही नाही. त्याला वाटतं मी व्यायामासाठी साध्या जिन्याने उतरते. शै.ला सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, “मी पुढे उभी राहते, तू माझ्या खांद्यावर हात ठेव. पडलीस तर माझ्यावर पडशील. मी काय कमी गादी आहे?”
उतरले. दोनदा.

२० फेब्रुवारी
पुस्तिकेत आज:
जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं. डावी बाजू घाईवाल्यांची.
शै. पुढे, वासंती मागे, हात खांद्यावर.
नामेस्ती मीरू स्टेशन भयंकर खोल आहे. तिथला जिना संपतच नाही म्हणे. तिथे आपण दोघी उतरणार नाही. कुणी सोन्याचं ताट दिलं तरी नाही.
तिकिटं दोन्ही शै.कडे. वासंती वस्तू हरवते.
चुकामूक झाली तर? हे लिहायला घेतलं आणि खोडलं. हात खांद्यावर असताना चुकामूक होईलच कशी?

११ मार्च
शै. मागे लागली आहे. “झालं का? पाठव ना.” म्हटलं, सप्टेंबरला वेळ आहे. “तरी. माझ्या डोळ्याखालून जाऊ दे.” फाइल पाठवली. अर्ध्या तासात उत्तर: चार हृदयं आणि ‘तू ग्रेट आहेस’. दिवसभर हवेत होते. मा. म्हणाला, भाजीत मीठ दोनदा पडलंय.

६ एप्रिल
सोसायटीच्या हॉलमधला योगवर्ग. गीताताई शेजारच्या चटईवर. या मूळच्या मोरा बंदराकडच्या, मुलांचे न्हावा शेव्याला ट्रेलर आहेत, आता आमच्या मागच्या बिल्डिंगीत राहतात. मनाने मोकळ्या. शवासनात पडल्या पडल्या कुजबुजल्या, “वासंतीबाय, तुमी प्रागला नाय येत? मी शैलाबायच्या खोलीत हाय.”
मी डोळे मिटूनच विचारलं, कधी?
“पुढच्या महिन्यात. अकरा जनी हाव आमी. शैलाबाय लीडर.”
मग आणखी हळू आवाजात, “ती बोलली तुमाला सरकत्या जिन्याची भीती हाय. तुमच्यापायी सगल्यांचा खोळंबा झाला असता म्हनून तुमाला नाय घेतली.”
योग शिकवणाऱ्या बाई श्वास सोडा म्हणत होत्या. मला घ्यायलाही जमेना.

६ एप्रिल, दुपार
मला न नेण्याचं सोडा. न सांगण्याचं सोडा. जिन्याचं सांगितलं तिने. दहा जणींना.

७ एप्रिल
गेले तिच्याकडे. चहा ठेवत होती, मला बघून गॅस बंद केला.
जुन्या पनवेलच्या टूरवाल्याने विचारलं म्हणे, बायकांचा ग्रुप जमवाल का, तुम्ही पुढारी व्हा. एक दिवस मोकळा ठेवू, बायका आपापल्या मेट्रोने फिरतील, तेच या टूरचं वैशिष्ट्य. ‘आपापल्या मेट्रोने’ हे त्याला कुणी सुचवलं ते मी विचारलं नाही.
“मला का नाही विचारलंस?”
“तू हो म्हणाली असतीस आणि मग आठ दिवस आधी काहीतरी झालं असतं. तीनदा झालंय, वासू. किती थांबायचं मी? माझेही गुडघे आहेत.”
हे बोलली तेव्हा तिचा आवाज खरा होता. तेच जास्त लागलं. एवढी वर्षं कुरकुर पोटात ठेवून माझ्याशी गोड बोलत होती तर.
“आणि जिन्याचं?”
त्यावर तिने गॅस पुन्हा पेटवला. मग म्हणाली, “बायकांनी विचारलं, काहीतरी कारण द्यायला हवं होतं.”
खांदा दुखतो म्हणायचं होतं. सासर, नवरा, काहीही. शंभर कारणं होती. तिने नेमकं तेच उचललं.
चहा न घेता आले. त्या घरातून पहिल्यांदाच.

१० एप्रिल
मा.ला सगळं सांगितलं. जिन्यासकट. त्याने वर्तमानपत्राची घडी घातली. मग, “मला का नाही सांगितलंस?” आता याचीही समजूत मी काढू? काढली.

१५ एप्रिल
गीताताईंनी योगवर्गाला पुस्तिका आणली. स्पायरल बांधलेली, वर किल्ल्याचा रंगीत फोटो. ‘प्राग मेट्रो मार्गदर्शिका. संकलन: शैला’. संकलन! मी काय झाडाखाली पडलेली फुलं होते, वेचून घेतली?
आत चाळलं. कॉम्प्युटरवर ‘दोघी’ काढून सगळीकडे ‘सर्वजणी’ घातलंय आणि माझं नाव पुसलंय. परत वाचायचे कष्ट घेतलेले नाहीत. त्यामुळे: ‘शै. पुढे, मागे, हात खांद्यावर.’ कोण मागे? ‘तिथे आपण सर्वजणी उतरणार नाही. कुणी सोन्याचं ताट दिलं तरी नाही.’ मालू मावशी तशीच आहे. आप्पेपात्र तसंच. गीताताई म्हणाल्या, “शैलाबायनी काय मस्त लिवलंय, वाचताना हसू येतंय.”
मी हसले. जबडा दुखला.

१६ एप्रिल
रात्री नाही, सकाळी आंघोळ करताना सुचलं आणि डोक्यावर साबण तसाच राहिला. तिकिटं. ‘तिकिटं दोन्ही शै.कडे’ हे पुस्तिकेत तसंच आहे. दोघींत ते ठीक होतं, मी तिच्या खांद्याला लटकलेली असणार होते. पण अकरा बायका, अकरा तिकिटं आणि सगळी एका पर्समध्ये? आपल्याकडे चालतं. एसटीत एकजण सगळ्यांची तिकिटं काढतो, कंडक्टरला बोटाने माणसं दाखवतो, कंडक्टर मान हलवतो. तिकडे बिल्लावाला प्रत्येकीसमोर हात पसरणार. गाडीची दारं काही लग्नाच्या बसची नाहीत, कुणासाठी थांबायला. अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर, आणि तिकिटं भलतीकडे.
शै.ला सांगायला हवं.
नाही सांगणार. संकलन करणाऱ्याने बघावं.

१९ एप्रिल
मा.: “एक मेसेज टाक आणि मोकळी हो.”
म्हटलं, तुला राग येत नाही माझ्यासाठी?
“येतो. पण त्या बाकीच्या दहाजणींनी काय केलंय?”
याला आयुष्यात एकदा बरोबर बोलायचं होतं, ते आत्ताच.

२८ एप्रिल
गीताताई घरी आल्या, हातात सुक्या बोंबलांची पिशवी. पुस्तिका वाचली, पण “डोक्यात ऱ्हात नाय” म्हणाल्या. मला शिकवा. शैलाबाय रागावते, तिला आता वेळ नसतो.
त्यांना बसवलं. नकाशा काढला. पोह्याचा डाग अजून आहे त्यावर. शिकवायला लागले आणि शिकवत गेले. रंग बघायचा. मग लाइनीचं शेवटचं स्टेशन बघायचं, दिशा त्यावरून कळते. किल्ल्याकडे जायचं तर हिरवी, मोतोलची बाजू. ‘व्हीस्तुप’ म्हणजे बाहेर, ‘प्रशेस्तुप’ म्हणजे गाडी बदल. गीताताई लहान मुलीसारख्या बोट ठेवून म्हणत होत्या.
मग म्हटलं, “ताई, तुमचं तिकीट मागून तुमच्याकडे ठेवा.”
“शैलाबाय नाय देनार. बोलते, तुमी हरवाल.”
आणि चुकामूक झाली तर? जे लिहून खोडलं होतं ते तोंडी सांगितलं. जी गाडीत गेली तिने ठरलेल्या स्टेशनला उतरून फलाटावरच थांबायचं, वर जायचं नाही. जी मागे राहिली तिने पुढच्या गाडीने तिथेच यायचं. कुणीही कुणाला शोधायला निघायचं नाही.
जाताना म्हणाल्या, “तुमी असत्या तर बरं झालं असतं.” दार लावलं आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. जायचं होतं मला. किती जायचं होतं ते या वहीतही धड लिहिलं नाही.

५ मे
गेल्या. सोसायटीच्या फाटकावर बस आली होती. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते, वाळलेलेच. शै.ने निळी टोपी घातली होती, हातात छोटा झेंडा. झेंडा! बसमध्ये चढताना वर बघितलं तिने. मी चादर झटकली.
तिकिटांचं सांगितलं नाही. शेवटच्या मिनिटापर्यंत फोन हातात होता.

७ मे
ग्रुपमध्ये फोटो. मी ग्रुपमध्ये नाही, गीताताई पाठवतात. घड्याळाचा मनोरा, पूल, अकरा बायका आणि एक झेंडा. आप्पेपात्राच्या भिंतीपाशी शै. हात पसरून उभी. मी लिहिलं नसतं तर तिने त्या भिंतीकडे बघितलंही नसतं.

९ मे
दुपारी कैऱ्या चिरत होते. लोणच्याचा मसाला कोपरापर्यंत. गीताताईंचा फोन, व्हॉट्सअ‍ॅपवर. मा.ने तो माझ्या कानाशी धरला.
“वासंतीबाय, आमी गाडीत हाव. शैलाबाय नाय!”
झालं ते असं. मोकळा दिवस, टूरवाला हॉटेलात. मूस्तेकहून किल्ल्याकडे निघाल्या. शै. दारापाशी उभी राहून बायका मोजून आत ढकलत होती. दहा आत गेल्या, अकरावी ती स्वतः, आणि दार मिटलं. अकराही तिकिटं तिच्या पर्समध्ये. गीताताई तिला फोन लावतायत, तो सारखा बिझी. बाकीच्या रडकुंडीला. एक म्हणतेय पुढच्याच स्टेशनला उतरू, दुसरी म्हणतेय वर रस्त्यावर जाऊन पोलीस शोधू.
मी म्हटलं, “स्टारू मावशी जाऊ द्या. मालू मावशीला उतरा. उतरून फलाटावरच बसा, बाक असतील. वरच्या जिन्याला पाय लावायचा नाही कुणी. वर बिल्लावाले असले तर तुमच्या हातात काही नाही.”
“शैलाबाय?”
“तिचं मी बघते.”
हे कसं निघालं तोंडातून कोण जाणे. महिन्याभरात तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते. मा. फोन धरून माझ्याकडे बघत होता. म्हटलं, बघतोस काय, लाव.
तीनदा बिझी. चौथ्यांदा लागला.
“वासू?” आणि मग नुसता हुंदका. शै. रडतेय हे मला आधी कळलंच नाही, कारण मी तिला कधी रडताना ऐकलं नाही. तिच्या वडिलांच्या वेळीही नाही.
बायकांना गाठायला म्हणून ती धावत सुटली होती, पाटी न बघता जिने उतरली आणि आता कुठे आहे ते कळत नव्हतं. “सगळं एकसारखं दिसतंय. मी कुठून आले तेच आठवत नाही. लोक बघतायत माझ्याकडे. वासू, मला इथून काढ.”
“समोर पाटीवर रंग कुठला?”
“पिवळा.”
“बरं. मूस्तेकलाच आहेस, नुसती खालच्या फलाटावर गेलीस. भिंतीला खळगे नाहीत ना? मग वळ. हिरवा A शोध. प्रशेस्तुप लिहिलं असेल त्याच्याशेजारी.”
मागून दारं बंद होताना करतात ती घोषणा आली. व्हिडिओत ऐकलेली, तोच बाईचा आवाज. कैरीची फोड हातात घट्ट धरून मी ती पूर्ण ऐकली.
“दिसला A,” शै. म्हणाली. “जिना आहे, वर जाणारा.”
“चढ. उजवीकडे उभी राहा.”
“तू बोलत राहा.”
बोलत राहिले. काय बोलले आठवत नाही. लोणच्याबद्दल बोलले असेन. ती हिरव्या फलाटावर आली, मोतोलची बाजू बघायला लावली, गाडी आली, बसली. स्टारू मावशी गेली. मग तिच्या फोनमधूनच बायकांचा कल्ला ऐकू आला आणि गीताताईंचं “आली गं बाय!” आणि फोन कटला.
मा.ने फोन खाली ठेवला. कानाला हळद लागली होती माझ्या, त्याने पुसली. म्हणाला, “मस्त.” मी त्याच्यावर ओरडले की कैऱ्यांना मीठ लावायचं राहिलंय.

१० मे
शै.चा मेसेज नाही. गीताताईंचा आला, किल्ल्यावरचा फोटो. सगळ्या हसतायत. शै. मध्ये, झेंडा उंच.

१६ मे
आल्या परत. फाटकावर बस. मी गॅलरीत नव्हते. मुद्दाम नव्हते.

२४ मे
हॉलमध्ये फोटोंचा कार्यक्रम. मी गेले नाही, डोकं दुखतंय म्हटलं. मा. गेला. त्याला बटाटेवडे होते असं कळलं होतं.
परत आल्यावर चपला काढायच्या आधीच म्हणाला, “बरी बोलली.”
“काय बोलली?”
“ती चुकामूक सांगितली. म्हणाली, मी अजिबात घाबरले नाही. चुकामुकीचा नियम आधीच ठरलेला होता, तसं सगळ्या वागल्या. टाळ्या झाल्या.”
“आणि फोन?”
“फोनचं काही नाही आलं.” चपला काढता काढता, “गीता तुला शोधत होती. मागच्या रांगेत वळून वळून बघत होती.”
एवढंच व्हायचं राहिलं होतं. पुस्तिका घेतली, जिन्याचं सांगितलं, आता तो फोनही घेतला. मी तिला तिथून काढलं, आणि तिने मला त्या गोष्टीतून काढलं. इतका संताप आला की मा.ने आणलेला वडा खाल्ला तोही थंडगार, उभ्याने.

२५ मे
सकाळी शै.चा फोन. उचलला. का उचलला, माहीत नाही.
“काल का नाही आलीस?”
मी फोन दुसऱ्या कानाला लावला.
“वासू, एक सांगायचं होतं. मी तिकडे फोनवर जरा... म्हणजे ते तू कुणाला सांगू नकोस. बायका मला पुढच्या वेळीही लीडर करणार आहेत. ऑस्ट्रियाला. माझी लाज जाईल.”
जरा. ढसाढसा रडली होती बाई.
“आणि तू पण चल ना या वेळी. आता मला सगळं येतं. तू फक्त माझ्या मागे राहा.”
मी म्हटलं, दूध उतू जातंय. दूध फ्रिजात होतं.
दिवसभर मनात एकच वाक्य जुळवत होते. योगवर्गात, शवासनाच्या आधी, अगदी सहज आवाजात: ‘अगं, शैला फोनवर इतकी रडत होती ना...’ एकच वाक्य. दहा जणींपर्यंत दुपारच्या आत पोचेल. माझं पोचलं होतं तसं. तिला कळेल कसं वाटतं.

२७ मे
योगवर्ग. शै. आली नव्हती. मी चटई पसरली, वाक्य तयार होतं.
गीताताईंनीच विचारलं, आणि हळू नाही, चांगलं मोठ्याने. “वासंतीबाय, त्या दिवशी शैलाबायला फोनवर तुमीच आनली ना आमच्यापर्यंत? रडत व्हती का ती? डोले लाल व्हते तिचे, आमी सगल्यांनी बघितलं.”
आठ-दहा डोकी वळली. बाईसुद्धा थांबल्या.
मला त्या दहाजणी दिसल्या, आणि शै. दिसली, पिवळ्या पाटीखाली, पर्समध्ये अकरा तिकिटं घेऊन एकटीच. आणि तिचं ते ‘मला इथून काढ’.
“आवाज तुटत होता हो,” मी म्हटलं. “नीट कळलं नाही. रस्ता विचारत होती, मी सांगितला.”
“तुमी सांगितला?” कुणीतरी.
“पुस्तिका माझीच आहे ती,” म्हटलं. “दोघींसाठी लिहिली होती.”
बाई म्हणाल्या, श्वास घ्या.
घरी आले. एवढं बोलून हलकं वाटायला हवं होतं, वाटलं नाही. अर्धं खोटं, अर्धं खरं बोलले. खोटं तिच्यासाठी आणि खरं माझ्यासाठी, असं मा. म्हणतो. मला तसं सरळ वाटणी करता येत नाही. तिचं तोंड बघवत नाही, आणि ती नसलेला आठवडा जाता जात नाही.
एव्हाना तिला कळलं असणार. गीताताई म्हणजे सकाळचा पेपर.
फोन वाजतोय. शै.चा. मा. आतून ओरडतोय, “अगं, उचल तरी, नाहीतर बंद कर.”
टेबलावर ठेवलाय. उचलला नाही. बंदही केला नाही.